कुंपणाच्या आतली माती

प्रिय चि. थोरली हिस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्या कार्यालयातील टेबलावर ठेवत आहे. सावकाश वाचावे.

ज्या रंगाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षे हौदावर काढली, त्याच्याच जागेवर तू आज घरे उभी करत आहेस आणि मी फाटकावर पहारेकरी आहे, याचा मला अभिमान आहे. जुन्या शिरीषाच्या झाडांच्या फांद्या जेथवर पसरल्या, तेथवर तू कुंपण घातलेस. आत यंत्र नाही, खणणे नाही, विटेचा तुकडाही ठेवायचा नाही. तुझा कामावरचा मुकादम मला हसून म्हणाला होता, बापू, बाईसाहेबांच्या राज्यात झाडांची जावयासारखी बडदास्त आहे, आपणच काय ते उपरे.

पुढे कुंपणाबाहेरची विषारी माती काढून नेली आणि जमीन हातभर खाली गेली. फाटकाजवळचे झाड उंचवट्यावर उघडे पडल्यासारखे दिसू लागले. ते रोप मी लावले, तेव्हा तू पाळण्यात होतीस. मला बघवेना. एका सुट्टीच्या दिवशी नवी माती घेऊन आलेल्या ट्रकवाल्याला मी कुंपण उघडून दिले आणि दोन खेपा बुंध्याशी ओतून घेतल्या, कमरेइतक्या. वरून फावड्याने चोपून गोल केल्या. काम नीटनेटके झाले, असे तेव्हा वाटले.

मुकादमाने सोमवारी पाहिले. म्हणाला, बापू, मुळं गुदमरतील हो, काढून टाकू. मी त्याला सुनावले की तू रांगत होतास तेव्हा मी झाडे लावत होतो. त्याने माती तशीच राहू दिली. माझे वय पाहून की तुझे नाते पाहून, हे मी विचारले नाही.

आता शेंडा वाळला आहे आणि बुंध्याची साल बोटाने निघते. परवा तू ते पाहिलेस आणि मुकादमाला शनिवारपासून येऊ नको म्हणालीस. मी किल्ल्या घेऊन तेथेच उभा होतो. त्याने माझे नाव घेतले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्याची चूक काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. स्वतःची कशी काढतात, ते चौथीपर्यंत शिकवत नसत.

आज सकाळपासून मी आणि मुकादम ती माती हातांनी काढत आहोत. फावडे चालत नाही. कोवळी मुळे वर चढलेली असतात, हे त्यानेच दाखवले. निम्मी निघाली. झाड जगेल की नाही, हे तोही सांगू शकत नाही.

घरी बोललो असतो तर तू बापाला सांभाळून घेतले असतेस. म्हणून लिहून देतो: माती मी ओतवली, मुकादमाने मनाई केली होती. हा कागद कामाच्या फायलीत लाव, मुकादमाला शनिवारी कामावर घे आणि फाटकाच्या किल्ल्या कोणाच्या हाती द्यायच्या, ते मला कार्यालयात बोलावून सर्वांसमोर सांग. मी उभ्याने ऐकेन.

तुझाच,
बापू