लॉक धरून डुलकी

३ फेब्रुवारी
दूध तपासायच्या नव्या मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, राजवर्धनसरांनी मला लिहायला दिला. शेवटी कंपनीला माणूस कळला. पहिलं मशीन बसणार माझ्या सासुरवाडीच्या डेअरीत, सासरे हंबीरराव तिथले चेअरमन. बायकोला म्हटलं, आता बघच. वर्षाराणी म्हणाली, आधी चालू दे की.

६ फेब्रुवारी
ऑफिसात मशीन गोठलं. परत परत. ज्युनिअर वल्लरीने कोड बघितला. म्हणाली, सर, तुम्ही स्पिनलॉक, म्हणजे सेन्सरची एकुलती किल्ली, हातात धरून झोपताय. लॉक हातात असेपर्यंत प्रीएम्प्शन बंद, दुसऱ्या कामाला मधे पाळीच मिळत नाही, तेवढ्यात कोडनं झोपायचं नाही. बाकीची कामं लॉकसाठी जागच्या जागी गरगरत बसतात. म्हटलं, सेन्सर स्थिर व्हायला थांबायला नको? म्हणाली, थांबा, पण लॉक सोडून.
हुशार आहे. अनुभव कमी.

७ फेब्रुवारी
झोप वीस मिलिसेकंदांवरून पाचवर आणली. ही झोप नव्हे, डुलकी.
तरी गोठलं. आमच्या ऑफिसचं, शिवाजी पेठेतलं व्होल्टेजच वाईट.

१० फेब्रुवारी
कर्नल, म्हणजे मशीनच्या सिस्टिमचा गाभा, सारखा एकच इशारा छापतोय: लॉक धरून झोपू नका. इशारे दाखवणंच बंद केलं. लॉग एकदम स्वच्छ. उद्यापासून रोज कर्नलचं पुस्तक वाचायचं.

११ फेब्रुवारी
पुस्तक घरी राहिलं.

१३ फेब्रुवारी, सकाळ
उद्घाटन. नवा शर्ट. गडबड होणं शक्यच नाही.

दुपार
पहिले काही कॅन चालले. बनाबाईंचं दूध ओतलं आणि स्क्रीन गोठला. मागे रांग देवळापर्यंत. मी सांगितलं, मशीन विचार करतंय. बनाबाई म्हणाल्या, पावणं, त्याचा इचार हुईस्तोवर माझं दूध नासतंय की! बंद-चालू केलं. गोठलं. पुन्हा केलं. पुन्हा गोठलं. ऊन चढलं, दूध फाटलं. हंबीररावांनी कॅन स्वतः गटारात ओतले, माझ्याकडे न बघता. वर्षाराणी कॅन धुवायला बसली, तीही बघेना.
गोठ्यामागे जाऊन वल्लरीला फोन केला. माझा आवाज कापत होता. रेंज खराब असावी.

१४ फेब्रुवारी
वल्लरी पहिल्या एस.टी.ने आली. लॉक सोडला, मग झोप, मग पुन्हा लॉक. एवढंच. मशीन चाललं. सगळं दूध तपासून झालं. मी मागे उभा राहून बरोबर, बरोबर म्हणत होतो. बनाबाईंनी तिला नारळ दिला. मूळ रचना माझीच, पण ती कुणाची हे कुणी विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी
हंबीररावांचा फोन! आवाज मऊ. म्हणाले, जावईबापू, राग न्हाय. शेजारच्या गावालाबी मशीन पायजे. मला भरून आलं. विचारलं, कधी येऊ?
म्हणाले, तुम्ही नगा येऊ. त्या पोरीचा नंबर द्या.
दिला.