शकूवर लिहिलेलं पान

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
जानेवारी १९८९

प्रिय शकू,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. घाटकोपरहून मुलुंड असं काय लांब आहे, वहिनी पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. गेल्या आठवड्यात मी तुझ्याकडे यायला निघालेही होते. बसस्टॉपवर थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले. तुझ्या घरी दशरथभाऊ असणार, पोरं असणार, शेजारची कुणी चहापत्ती मागायला येणार. आणि मी विषय काढला असता तर तू नेहमीसारखं "राहू दे गं वहिनी" म्हणून चहा ठेवायला उठली असतीस. मग मला पुढे बोलता आलं नसतं. मला एकदा अडलं की पुढे येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. हे पत्र तू एकटीनेच वाच.

आधी इकडचं सांगते. आबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी लावून दारात बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला आवाजावरून ओळखून दाखवतात. चुकले की म्हणतात, तुझाच घसा बसलाय. उत्तराला शाळेत धावण्यात दुसरं बक्षीस मिळालं, प्लास्टिकचा डबा. तो तिने वडिलांच्या फोटोपुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी त्यातच पोळीभाजी घेऊन गेली. मला बरं वाटलं ते. फोटोपुढे वस्तू साठत गेल्या की मला भीती वाटते. पुढच्या महिन्यात तुझ्या दादांना जाऊन वर्ष होईल. बँकेत, खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. अजूनही दुपारी ऑफिसात कुणी शिपाई माझ्या टेबलाकडे येताना दिसला की मी हातातलं कार्ड खाली ठेवते. त्या दिवशीही असाच आला होता.

आता मूळ गोष्ट. दादांचं पुस्तक छापायला गेलं आहे. कुंडलिकभाऊंनी भटवाडीतल्या छापखान्यात दिलं. त्यांचं आणि दादांचं कॉलेजपासूनचं, ते सगळं स्वतः बघतात. वर्षाच्या कार्यक्रमात समाजमंदिरात प्रकाशन करायचं ठरलं आहे. पुस्तकात गावचं सगळं आहे, वस्ती, विहीर, शाळा, दुष्काळाचं साल. त्यात एक प्रकरण तुझ्यावर आहे. ते तू ऐकलं आहेस. दोन वर्षांपूर्वी जयंतीला दादांनी समाजमंदिरात ते वाचून दाखवलं होतं. तू तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसली होतीस. दुष्काळात घरात खायला नव्हतं, दादा मॅट्रिकला होते, तू सातवीत होतीस. खडीच्या कामावर घरातलं आणखी एक माणूस गेल्याशिवाय भागणार नव्हतं. त्यांनी लिहिलं आहे की तू आपण होऊन दप्तर खुंटीला अडकवलंस आणि म्हणालीस, दादा, तू शिक, मी जाते. मस्टरवर नाव त्यांचं लागलं आणि त्या नावावर खडी तू फोडलीस. मुकादम "भाऊराव" असा पुकारा करायचा आणि एक परकर नेसलेली पोरगी "हजर" म्हणायची. तिथे सगळी सभा रडली. बायका मागे वळून तुझ्याकडे बघत होत्या. कुणीतरी तुला पुढे नेलं, हातात गुलाब दिला. तू खाली मान घालून उभी होतीस.

घरी आल्यावर आपण दोघी मोरीत कप विसळत होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "वहिनी, दप्तर मी नव्हतं अडकवलं. आईने ओढून घेतलं. मी चावले तिला मनगटाला. रक्त आलं होतं." आणि हसलीस. तू पुढे म्हणालीस की आईने मारलं नाही, नुसती मनगट धरून बसली. आणि त्याच दप्तराच्या पिशवीत दुसऱ्या दिवसापासून तुम्हा दोघींच्या भाकरी जायला लागल्या. मग बाहेरून दशरथभाऊंनी हाक मारली, "अगं, चल की, पाणी यायची वेळ झाली," आणि तू पदराला हात पुसत म्हणालीस, "पण छान लिहिलंय हं दादाने." आणि गेलीस. त्यानंतर हा विषय तू कधी काढला नाहीस, मीही काढला नाही.

मी दादांना मात्र सांगितलं होतं, हे तुला ठाऊक नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुटाची नाडी बांधत असताना सांगितलं. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. एकाच बुटाची नाडी बांधून तसेच बसून राहिले. म्हणाले, "मी तेव्हा घरात नव्हतो गं. संध्याकाळी आलो तर दप्तर खुंटीला होतं. मी विचारलं, तर आई म्हणाली, शकूनेच ठेवलं." मग दुसरा बूट घालताना म्हणाले, "आणि समजा मला ठाऊक असतं, तरी मला दुसरं काही लिहिता आलं असतं का, सांगता येत नाही. तिने दिलं असं धरूनच मी शिकलो. हिसकावून घेतलेलं होतं म्हटलं तर मी कशावर उभा राहू?" मी म्हटलं, मग निदान ते वाक्य काढा. म्हणाले, बघू, शकूशी बोलतो आधी. तुझ्याशी ते बोलले का, शकू? बोलले असतील तर माझा सगळा घोर मिटेल. पण मला वाटत नाही बोलले असतील. तुझ्याकडे यायचं म्हटलं की काही ना काही निघायचं.

आता छापलेली कच्ची पानं माझ्याकडे तपासायला आली आहेत. पुस्तकातलं मला फार कळत नाही. रेशनिंग ऑफिसात माझं काम म्हणजे कार्डावर नावं चढवणं आणि कमी करणं. आमच्याकडे काही खोडलं तर शेजारी खोडणाऱ्याची सही लागते, नाहीतर ते खोटं धरतात. इथे कोण सही करणार? मी लाल पेन घेऊन त्या पानावर बसते आणि तशीच उठते. एकदा वाक्यावर बारीक रेघ मारली, मग खोडरबराने घासली, तर कागदच फाटला.

शेवटी कुंडलिकभाऊंना सांगितलं. तुझं चावण्याचं सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हटलं की हे असं घडलेलं नाही, हे वाक्य वगळू या. ते आवाज चढवून बोलतात, तुला माहीतच आहे. "वहिनी, वाट लावाल तुम्ही पुस्तकाची! याच वाक्यावर अख्खं प्रकरण उभं आहे." मग जरा खाली येऊन म्हणाले, "आपल्या लोकांनी काय बोलायचं हे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं. एक माणूस मोकळेपणाने लिहून गेला, तर आता तो मेल्यावर आपणच त्याच्या तोंडात हात घालायचा? त्याला जे लिहावंसं वाटलं ते त्याने लिहिलं. त्याचा तो हक्क आहे." खरंच आहे ते. दादा लिहायला बसले की घरातले कुणी राहायचे नाहीत, चेहरा मोकळा व्हायचा. तेवढंच त्यांना स्वतःचं असं होतं. त्यातलं एक वाक्य मी कोण काढणार? पण शकू, तूही तर कुणीतरी आहेस. त्यांनी मोकळेपणाने लिहिलं ते तुझ्याबद्दल लिहिलं. हे मला कुंडलिकभाऊंना सांगता आलं नाही. ते गेल्यावर भांडी घासताना सुचलं.

आबांनी दारातून सगळं ऐकलं होतं. जेवताना म्हणाले, "काय चाललंय ते मला माहीत आहे. सोनूच्या, तुझ्या सासूच्या मनगटावर वण होता, मरेपर्यंत होता. ते छापणार का तुम्ही? लोक म्हणतील, कसली आई. तिने काय हौसेने ओढलं होतं का? दोन पोरांतून एक निवडायचं होतं तिला. मी सांगितलं होतं, पोराला ठेव." एवढं बोलून भात पुढे ढकलला. पट्टीखालून पाणी येत होतं. डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं आहे. मी सासूबाईंना थोडेच दिवस पाहिलं. बांगड्या त्या हातात नेहमी मागे सरकवायच्या, आणि वण मी पाहिला होता. विळा लागला म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून मला नीट झोप नाही. ऑफिसात परवा एका बाईचं नाव तिच्या सासऱ्याच्या कार्डावर चढवलं, तिथल्या तिथे लक्षात आलं म्हणून बरं. मला दोन्हीकडून भीती वाटते. ते वाक्य तसंच गेलं तर तुझ्याबद्दल कायमचं तेच राहील. उद्या तुझी पोरं वाचतील, त्यांची पोरं वाचतील, की आमच्या आजीने हसत हसत शाळा सोडली. आणि ते काढलं, तर कदाचित मी तुझ्याकडूनच काही काढून घेईन. कारण मला खरंच माहीत नाही, त्या दिवशी मोरीत तू "छान लिहिलंय" म्हणालीस ते कसं म्हणालीस. टोमणा होता, का मनापासून होतं? माझ्या मनात येतं की तुला ते आवडलंही असेल. जे हातातून ओढून नेलं ते आपणच दिलं असं कुणी लिहून ठेवलं, तर माणसाला ते हवंसं वाटू शकतं. त्यात तू मोठी दिसतेस. चावणारी, रडणारी पोरगी दिसत नाहीस. तुला कोणती शकू हवी, हे मी माझ्या मनाने ठरवायला लागले की पेन बाजूला ठेवून देते. तेरा वर्षांच्या पोरीला तेव्हा कुणी विचारलं नाही. दादांनी लिहिताना विचारलं नाही, सभेने गुलाब देताना विचारलं नाही. सगळ्यांची तुझ्यावर मायाच होती, तरी विचारलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते. येत्या रविवारी सकाळी कुंडलिकभाऊ आणि मंडळाची चार माणसं तुझ्याकडे येणार आहेत. प्रकाशनाच्या दिवशी व्यासपीठावर तुझा सत्कार करायचा असं त्यांनी ठरवलं आहे, साडी, मानपत्र आणि तुझे दोन शब्द. मानपत्राचा मसुदाही तयार आहे, त्यात तू स्वखुशीने शाळेचा त्याग केलास असं आहे. ते दारात हार घेऊन उभे राहिले की तुला नाही म्हणता येणार नाही, आणि दशरथभाऊही खुश होतील. म्हणून त्यांच्या आधी हे पत्र पोचावं अशी माझी धडपड आहे. तुला सत्कार घ्यायचा असेल तर घे, मी पहिल्या रांगेत बसेन आणि जे ऐकलं ते कधी कुणाला सांगणार नाही. वाक्य राहू दे म्हणालीस तर राहील. काढ म्हणालीस तर काढीन, मग कुंडलिकभाऊ माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल. तुला स्वतःचं काही लिहायचं असेल, चार ओळी का असेनात, कशाही अक्षरात, तर त्या प्रकरणाखाली तुझ्या नावाने छापू. आबांचं मी बघेन. आणि तुला यातलं काहीच ठरवायचं नसेल, तर तसं कळव, पुस्तक थांबेल. वारस म्हणून छापायला परवानगी द्यायचा कागद माझ्या सहीसाठी आला आहे. कुंडलिकभाऊ रोज विचारतात, वहिनी, सही झाली का? मी म्हणते, नाही झाली. शकू, अजून तरी तुझ्या वतीने कुणीही हो म्हटलेलं नाही.

तुझीच,
प्रेमावहिनी