रबर नको, घट्टच बसव

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

गाडीने आज पुन्हा कमरेत लाथ घातली. गिअर टाकला की सीटखालून धाडकन. ब्रेक सोडला की परत धाडकन. घोडबंदर रोडला गाडी वीतभर सरकते आणि दर वितीला एक लाथ. सलिलला विचारलं, ही गाडी आहे की अडलेली म्हैस? नातू माझा. इंजिनीअर आहे, पण कॉम्प्युटरचा. बोलला, आजी, जुनी गाडी आहे, मागच्या चाकांवर पळते, अशी आता बनत नाही. न बनवणारे शहाणे असतील.

तरी ठाकुर्लीला जाऊन आले. माझ्या जुन्या पिठाच्या गिरणीमागची खोली उघडली, झाडली, ओट्यावर बसले. वरच्या मजल्यावरची विमलाबाई जिन्यातून बोलली, आलात का? मला वाटलं थंडीत काही येत नाही तुम्ही. मी बोलले, तुम्हाला वाटतं तसं झालं असतं तर माझी गिरणी पहिल्याच वर्षी बंद पडली असती.

सुदेशला ती खोली भाड्याने द्यायची आहे. मुलगा आहे, पण घाई भाडेकरूसारखी. दिवाळीत सगळ्यांसमोर मीच सांगून टाकलं, दर रविवारी मी तिथे जाणार. लागोपाठ तीन रविवार चुकले तर खुशाल दे. तो लगेच हो बोलला. एवढ्या पटकन त्याने बायकोलाही हो म्हटलं नव्हतं.

चुकायचा प्रश्नच नाही. इथे ठाण्यात सुदेशकडे बाविसाव्या मजल्यावर मी मरेपर्यंत बसून राहणार नाही. उन्हाळ्यानंतर तिकडेच कायमची जाणार. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

६ जानेवारी, मंगळवार.

सलिल गाडी घेऊन कोलशेतला दौलतच्या गॅरेजमध्ये गेला. मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणूनच गेले.

दौलतने गाडी वर चढवून खालून दाखवलं. मागच्या चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. इंजिनचा जोर दोन चाकांना वाटून देतो. तो तीन रबरांवर बसवलेला. रबरं फाटली, म्हणून गोळा उड्या मारतो. एवढंच! गिरणीचा पाया सैल झाला की आमच्याकडे हेच व्हायचं.

आता मऊ रबर घालायचं की कडक? मऊ घातलं तर गाडी शांत, पण गोळा थोडा हलणार आणि कधीतरी परत फाटणार. कडक घातलं तर गोळा जागचा हलत नाही, धाडकन बंद, पण त्याची घरघर आणि थरथर सरळ आत. सलिल बोलला, पुढचं एक कडक करू, मागची दोन मऊ. आजी मागे बसते.

मला राहवलं नाही. एका बाजूने भाजलेली भाकरी कोणी ताटात वाढतं का? मशीन घट्ट आवळलं की गुमान दळतं, मी जन्मभर तेच केलं. सलिल बोलला, आजी, गिरणी तू जमिनीला आवळलेलीस, हा गोळा तुझ्या बुडाखाली आवळायचाय. दौलत बोलला, मावशी, माल दोन्ही आहे, काय ते ठरवा, मला जेवायला जायचंय.

तिन्ही कडक. मी ठरवलं. सलिल दौलतकडे बघत होता, दौलत डब्याकडे.

८ जानेवारी, गुरुवार.

गाडी आली. धाडकन बंद. मी बोलले होते.

प्रीती बाजारात जाऊन आली आणि कान चोळत बसली. बोलली, आई, गाडीत कोणीतरी मिक्सर चालू ठेवल्यासारखं वाटतं. सूनबाईंना मिक्सरची सवय नाही. डोसापीठ तयार आणतात.

११ जानेवारी, रविवार.

ठाकुर्ली व्यवस्थित.

माजिवड्यापर्यंत गाडी गरीब गाय. खारेगाव सोडून वेग घेतला तशी थोडी गुणगुणायला लागली. माझ्या कानातल्या मशीनने ती गुणगुण धरली आणि वाढवून दिली. मशीन काढून पर्समध्ये टाकलं. गाडी एकदम शांत! म्हणजे दोष मशीनचा. सलिल वाटभर आरशातून तोंड हलवत होता. तक्रारच असणार.

कवळी आपोआप चावायला लागली, म्हणून तीही काढली. विमलाबाईने बघितल्या बघितल्या विचारलं, बरं नाही का, तोंड केवढं बसलंय? उत्तर दिलं नाही. कवळीशिवाय टोमणा नीट मारता येत नाही.

येताना माणकोलीच्या पुलावर जोरात लघवीला लागली. पुलावर गाडी थांबवता येत नाही. पुढे पंपावर बाथरूमला कुलूप, चावी मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला. विमलाबाईचा चहा नडला. रबरांचा काही संबंध नाही.

१४ जानेवारी, संक्रांत.

थरथर ही सवयीची गोष्ट आहे. वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की पाठ टेकून स्टुलावर बसायचं, रोज. आज सुरुवात केली. प्रीती तिळगूळ घेऊन आली आणि दारातच थांबली. काय करताय? बोलले, कपड्यांची वाट बघते. तिने सुदेशला बोलावून दाखवलं. तो बोलला, आई, बाहेर गॅलरीत बस ना, खाडी दिसते. खाडी मी बघितलेली आहे.

१७ जानेवारी, शनिवार.

आणखी सोपा उपाय सापडला. सीटवर गोधडी, चार घड्या. सलिल बोलला, गोळ्याखालचं मऊ रबर काढलंस आणि स्वतःखाली घातलंस. मला ऐकू आलं नाही.

१८ जानेवारी, रविवार.

गोधडीमुळे डोकं टपाला लागलं. आता थरथर दोन्ही बाजूंनी. खारेगावहून परत फिरलो. सलिलचं डोकं दुखत होतं. तो काही बोलला नाही, पण मला कळतं.

एक रविवार म्हणजे काही नाही.

२१ जानेवारी, बुधवार.

सलिल बोलला, मागची दोन मऊ करून आणतो, अर्ध्या दिवसाचं काम. बोलले, गाडीला काय झालंय? दौलतसमोर ठणकावून सांगितलेलं मी परत गिळायला जाणार नाही.

मग टॅक्सीने जा, सुदेश बोलला. घरात गाडी असताना? लोक काय म्हणतील? या मजल्यावर समोर कोण राहतं मला माहीत नाही, पण म्हणतील. ट्रेन तर सुदेशनेच बंद केली, मी स्टेशनच्या जिन्यावर पडल्यापासून. पडले नव्हते. जिना ओला होता.

दुपारी विमलाबाईचा फोन. आला नाहीत रविवारी? मग गप्पा. बोलली, गिरणी बंद झाल्यापासून माझी झोप सुधारली बघा. वर बसलं की पाट हलायचा, डब्यांची झाकणं वाजायची, पोटात कालवायचं. तुम्हाला सांगितलं की तुम्ही बोलायचात, सवय होते.

अत्यंत किरकिरी बाई. फोन ठेवला.

२५ जानेवारी, रविवार.

उद्या सोसायटीत झेंडावंदन. आदल्या दिवशी दगदग नको म्हणून गेले नाही. प्रीती बोलली, आई, झेंडा वॉचमन लावतो. लावू दे. उभं तर मलाच राहायचंय.

सुदेशने आज सहज विचारलं, खोलीला रंग कधी दिलेला? त्याच्या सहज विचारण्याचा मला अनुभव आहे.

३१ जानेवारी, शनिवार.

उद्या जाणार. दुपारपासून पाणी बंद, चहा बंद. कवळी डबीत. कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये. गोधडी नाही, पाठीला फक्त उशी. खोलीची चावी पदराला बांधून झोपते. कितीही थरथरू दे, तासाभराचा रस्ता. गिरणीत मी सणासुदीला दिवसभर उभी असायची.

१ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

सलिलला सांगितलं, हळू चालव. हळू चालवली की गाडी गुणगुणत नाही, हा शोध माझा. माजिवड्यापर्यंत छान. हायवेला ट्रक मागून हॉर्न मारायला लागले. एका ट्रकवाल्याने काच खाली करून सलिलला काहीतरी ऐकवलं. मला ऐकू आलं नाही, पण त्यात आजी हा शब्द असावा, कारण त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

मग सलिलने वेग घेतला. पायाच्या तळव्यातून सुरू झालं ते मांडीपर्यंत आलं. डोळ्यांपुढचे बोर्ड दोन दोन दिसायला लागले. खारेगावपर्यंत दोन्ही हातांनी सीट धरून बसले. तिथे बोलले, थांब.

त्याने गाडी बाजूला घेतली. मागे वळून माझ्या अगदी तोंडासमोर तोंड आणलं, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून. बोलला, आजी, तिसरा रविवार आहे. तू फक्त हो बोल. आत्ता दौलतकडे वळवतो, त्याला घरातून उचलून आणतो, मऊ घालतो, संध्याकाळपर्यंत ठाकुर्ली. पप्पांना काही सांगणार नाही. एकदा हो बोल.

पोरगं चांगलं आहे. डोळे आजोबांचे आहेत, तेही असंच गयावया करायचे.

मी बोलले, गाडी उत्तम आहे. मला घरी काम आठवलं.

त्याने गाडी वळवली. परतीला हळू चालवली, न सांगता.

घरी काम काही नव्हतं. कपडे पिळून झाले होते.

७ फेब्रुवारी, शनिवार.

खोली दिली. नवरा-बायको आहेत, दोघं नोकरीवाले. सुदेश बोलला, आई, शब्द तुझाच होता. होता. चावी मीच काढून दिली. पदराची गाठ कोणाला सुटत नव्हती.

संध्याकाळी सलिल गाडी घेऊन आला. तिन्ही रबरं मऊ घालून. मला कोणी विचारलं नाही. आता मी कुठे जात नाही, तर कशाला विचारतील? प्रीती एक चक्कर मारून आली, बोलली, आई, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं, चला तुम्हाला नेते. कुठे नेणार? बोलली, कुठेही. मॉलला.

मला मॉलला काम नाही.

उद्या रविवार. विमलाबाई फोन करणार, का आला नाहीत, आणि खोलीत ही कोण माणसं? माझा फोन टीव्हीजवळ ठेवला आहे. मी उचलणार नाही. सुदेशने उचलायचा नाही, तो खरं सांगेल. प्रीतीने उचलायचा नाही, ती रडेल. सलिलनेच उचलायचा आणि गाडीत बिघाड आहे म्हणून सांगायचं.