उलट्या तोंडाचा खो

अल नहदा, शारजा
शनिवार, ३१ जानेवारी २००९

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांस,

तुमच्या बहिणीच्या धाकात सुखरूप असलेल्या हेमचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींनी पाठवलेलं मेतकूट पोचलं (कस्टमवाल्याने पुडी नाकाला लावली, चार शिंका दिल्या आणि यल्ला यल्ला करत बॅग सोडून दिली). इकडे मृणालिनी ठणठणीत, इराची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चात. आणि मी? माझं म्हणाल तर काल सकाळपासून मन ताळ्यावर नाही. भाऊसाहेब, मी काल इतिहास घडवला! तो आपल्या बाजूने घडला की विरुद्ध, ह्यावर शारजापासून बर दुबईपर्यंत वाद पेटलाय, आणि त्यात अधिकाराने बोलेल असा माणूस माझ्या माहितीत एकच. इचलकरंजीच्या मैदानावर तीस वर्षं पोरांना खो-खो शिकवणारे तुम्ही.

आधी परिस्थिती सांगतो. इकडे बाजार साफ बसलाय. ऑफिसच्या खिडकीतून पूर्वी अकरा क्रेन फिरताना दिसायच्या, आता अकराही जागच्या जागी उभ्या. बासष्ट माणसांचे आम्ही एकोणीस उरलो. प्लॅनिंगला दोघेच, मी आणि वसईचा विन्स्टन. नऊ वर्षांचा दोस्त. त्याच्याच गाडीतून मी रोज दुबईला जातो, आणि त्याच्या बायकोने, फियोनाने, केलेला डुकराचा सोरपोतेल शाकाहारी आहे असं समजून मी एकदा दोन वाट्या हाणला होता (हे वहिनींना सांगू नका). तर मॅनेजमेंटने कळवलंय की दोघांतला एकच राहणार. लिस्ट येत्या गुरुवारी. नोकरी गेली की व्हिसा गेला, कंपनीचा फ्लॅटही गेला, आणि पोरगी ऐन परीक्षेच्या तोंडावर उघड्यावर. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, नाहीतर म्हणाल, दाजींना ऊन लागलंय.

आमचे प्रोजेक्ट डायरेक्टर मिस्टर हॉलोवे, मूळ टेक्सासचे. कामं बंद पडली तसा हा माणूस खेळाकडे वळला आणि शुक्रवार सकाळच्या कंपनी लीगमध्ये आमची टीम उतरवून मोकळा झाला. खेळ कुठला, तर अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हाताने खेळायचा फुटबॉल (हसू नका, मी आधीच हसून घेतलंय). बॉल नारळासारखा, दोन्हीकडून निमुळता. त्यातला धसमुसळेपणा काढून टाकलेला प्रकार आम्ही खेळतो. कमरेला दोन पट्ट्या लोंबतात, बॉलवाल्याची पट्टी कुणी ओढली की तो बाद आणि तेवढा प्रयत्न संपला. असे चार प्रयत्न मिळतात. दर प्रयत्नाला कोणी कुठे पळायचं आणि बॉल कोणाला द्यायचा, हे रेषेबाहेर उभा राहून ठरवणाऱ्या विद्वानाला ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. आमचा आधीचा विद्वान डिसेंबरात कॅनडाला परत गेला. हॉलोवेने माझे बार चार्ट पाहिलेले होते, त्यामुळे ती गादी मला मिळाली. बॉल फेकणारा मात्र विन्स्टन. काय हात आहे हो त्याचा! चाळीस यार्डांवरून माणसाच्या ओंजळीत टाकतो.

तर काल मॅच. समोर एका कॉन्ट्रॅक्टरची टीम, सगळे साइटवरचे दांडगे गडी. आमचे गुण तेरा, त्यांचे चौदा. शेवटचं मिनिट, शेवटचा प्रयत्न आणि जिच्यापलीकडे बॉल नेला की गुण मिळतात ती रेषा फक्त चार यार्ड लांब! सगळं मैदान ओरडत होतं, विन्स्टन, थ्रो! हॉलोवेही तेच ओरडत होते. समोरचे सातही जण त्याचा थ्रो अडवायला मागे सरकून सज्ज. आणि त्या क्षणी, भाऊसाहेब, मला तुम्ही दिसलात. शिट्टी तोंडात, डोक्याला टॉवेल! म्हटलं, थ्रो तर अख्ख्या दुनियेला माहीत आहे, कोणाला ठाऊक नाही असं काहीतरी काढू. मी आमच्या सहा जणांना बॉल होता तिथेच आडव्या ओळीने बसवलं. उकिडवे, एकाआड एक उलट्या तोंडाने, अगदी तुमच्या पद्धतीने.

समोरचे आधी हसले, मग घाबरले. अंपायरने खिशातून नियमांचं पुस्तक काढून सात मिनिटं वाचलं. त्यात एवढंच होतं की सुरुवातीला सगळ्यांनी स्थिर असावं, आणि उकिडव्या माणसाइतकं स्थिर कोण असतं? झाली सुरुवात! विन्स्टन बॉल पोटाशी घेऊन ओळीमागून पळाला. ठरलं असं होतं की चौथ्या माणसाला, ज्याचं तोंड पुढे आहे त्याला, बॉल देऊन खो म्हणायचं. पण दोन दांडगे अंगावर आले, विन्स्टन गडबडला, आणि त्याने हाताला लागला त्या तिसऱ्याच्या छातीवर बॉल दाबून खो केला. तिसरा होता आमचा डॉक्युमेंट कंट्रोलर तन्मय, कराडचा, शाळेत खो-खोचा कप्तान. तोंड उलटं. आता ज्या पोराच्या रक्तात खो-खो आहे तो खो मिळाल्यावर काय करेल? ज्या बाजूला तोंड त्या बाजूला सुटला! शहात्तर यार्ड (नंतर मोजले). बाण जावा तसा. मागून आम्ही सगळे अरे उलटा, उलटा म्हणून बोंबलतोय, आणि त्याला वाटलं आपलंच कौतुक चाललंय. आपल्याच रेषेपलीकडे जाऊन त्याने बॉल आपटला, दोन्ही हात वर केले आणि नाचला. त्याबद्दल समोरच्यांना दोन गुण मिळाले. तेरा–सोळा. खलास.

हॉलोवे टोपी काढून गवतावर बसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तीस वर्षांत इतका क्रिएटिव्ह कॉल पाहिला नाही. भाऊसाहेब, मी तर तरंगतच घरी आलो. इरा म्हणाली, "बाबा, क्रिएटिव्ह इज व्हॉट टीचर्स से व्हेन दे कान्ट से बॅड." हल्लीची पोरं! संध्याकाळी बर दुबईच्या देवळात गेलो तर रांगेतही हाच विषय. एक पार्टी म्हणते चूक तन्मयची, चाल सोळा आणे. दुसरी म्हणते, चार यार्डांसाठी एवढी कारागिरी कशाला, विन्स्टनने डोळे मिटून टाकला असता. पुढच्या आजोबांचं दर्शन राहिलं, पण वाद संपला नाही.

आणि घरी तुमची बहीण! तिने सोफ्याच्या सहा उशा जमिनीवर ओळीने मांडल्या, पदर खोचला आणि मला तासभर धुतलं. तिचा मुद्दा असा, की साखळीत बसतात ते पाठलागवाले. बॉल आपल्याकडे म्हणजे आपण पळणारे, आणि पळणाऱ्याने बसकण मारायची हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? जिल्ह्याला खेळलेली बाई आहे, तिच्यापुढे माझा बार चार्ट काय टिकणार! मी म्हटलं, नवनिर्मिती आहे. ती म्हणाली, नवनिर्मिती नव्हे, गाढवपणा. मी उशी क्रमांक तीन फिरवून दाखवली, तिने ती माझ्या डोक्यात घातली. रात्रीचं पिठलंसुद्धा वादातच करपलं. एकूण आमचं उत्तम चाललंय. तरी आपला निर्णय सविस्तर कळवावा, दोन्ही पार्ट्यांना मान्य राहील. वहिनींना नमस्कार, मुलांना पाठीत एकेक प्रेमाचा धपाटा.

आपला, काल हरूनही ऐटीत असलेला,
हेमचंद्र

ता. क. (मंगळवार) पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं, कारण वर एक गोष्ट लपवली आहे. मला तुम्ही दिसलात वगैरे ते नंतर सुचलं. विन्स्टनने तो थ्रो टाकला असता तर मॅच जिंकली असती, आणि गुरुवारच्या लिस्टआधी साहेबाच्या डोळ्यांपुढे हिरो कोण राहिला असता? तेच मला नको होतं. म्हणून साखळी. लाज वाटते लिहायला. काल गाडीत त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने सिग्नलला गाडी थांबवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, मला तिथंच कळलं होतं रे, बाबा. आणि त्याने रेडिओ लावला.

ता. क. २ (गुरुवार) लिस्ट आली. विन्स्टन राहिला, मी गेलो. लिस्ट लंडनच्या हेड ऑफिसात पंधरा जानेवारीलाच तयार होती म्हणे, आमच्या मॅचचं तिथे कोणालाही सोयरसुतक नव्हतं. जाणाऱ्यांत हॉलोवेंचंही नाव आहे. विन्स्टन आणि फियोना संध्याकाळी आले आणि त्यांची मागची खोली रिकामी केल्याचं सांगून गेले. इराची परीक्षा होईपर्यंत आम्ही तिघं तिथे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर फियोनाने मला बोलू दिलं नाही. एप्रिलमध्ये इचलकरंजीला येतो. वरची खोली लागेल.

ता. क. ३ (शनिवार) आता खरं मागणं. खोलीचं नव्हे, ती तुम्ही न मागता द्याल. गुरुवारपासून मृणालिनी माझ्याशी भांडलेली नाही, भाऊसाहेब. एकदाही नाही. काल चहा माझ्या हातात दिला आणि आपण होऊन म्हणाली, तुमची चाल तशी चांगलीच होती हो. अठरा वर्षांच्या संसारात हिने मला कधी बरोबर म्हटलं नव्हतं. नोकरी गेल्याचं लागलं नाही इतकं हे लागलं. उशा परत सोफ्यावर नीट लावून ठेवल्यात तिने. मला बघवत नाही.

तर एवढं करा. पत्र मिळताच तिला फोन लावा आणि ठासून सांगा की हेमचंद्ररावांची चाल शंभर टक्के बरोबर होती. मनातून पटलं नाही तरी सांगा, माझ्यासाठी सांगा. सख्खा भाऊ खो-खोबद्दल असलं बोलतोय हे तिला सोसणार नाही. आधी ती तुम्हाला झोडेल, ते तेवढं सहन करा. मग फोन आपटून माझ्याकडे वळेल. मी समोरच बसून राहतो.