द्वारकाबाईंचा शिक्का

मी, सुमेधा कमलाकर तांबेगडकर, वय वर्षे शहात्तर, राहणार हौगांग, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या महिन्यात मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनवर पोहोचले आणि आता उणे जायचे का, असे विचारले. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. माझ्यावर दबाव आणू पाहणारा माणूस एकच आहे, पण त्याच्या दबावाखाली येण्याइतकी मी अजून थकलेली नाही.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे या कागदाने रद्द समजावीत. हे मराठीत लिहिण्यास हरकत नाही, नंतर अधिकृत तर्जुमा जोडावा लागेल, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. व्यवस्थापक म्हणून मी माझी मुलगी अनघा हिला नेमते.

१. हौगांगचा फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते अनघाचे. फ्लॅट विकायचा असेल तर विकावा. माझा आत्मा त्यात घोटाळणार नाही. चाळीस वर्षे लिफ्टची वाट पाहण्यात तो पुरेसा घोटाळला आहे.

२. माझे पती कै. कमलाकर तुआसच्या जहाजदुरुस्तीत इंजिनियर होते. त्यांची पान्यांची पेटी मी शेजारच्या ब्लॉकमधल्या निशिकांतला गेल्या रविवारीच हातात दिली. मृत्युपत्रात का लिहिली नाही, ते कलम सातमध्ये कळेल.

३. माझी पुस्तके, मोडीचे कोश, भिंग आणि 'तांबेगडच्या राणी द्वारकाबाई' या चरित्राचे हस्तलिखित माझी नात इरा हिला. इरा सोळा वर्षांची आहे. ती माझ्याकडून मोडी शिकली ती वर्गातल्या मैत्रिणीला शिक्षकांना न कळणाऱ्या चिठ्ठ्या लिहाव्यात म्हणून. इतिहासाकडे वळायला मला हे कारण पुरेसे वाटते. पुण्याच्या कॉलेजात मी ज्यांना शिकवले, त्यांच्याकडे याहून बरे कारण नव्हते.

४. आता राणीविषयी. पुढची कलमे तिच्याशिवाय समजणार नाहीत.

द्वारकाबाई १८१७ साली जन्मली. बाप लहानसा सरदार. मुलगा उशिरा झाला, तोवर हौस म्हणून त्याने मुलीला मोडी शिकवली. नवव्या वर्षी तिला तांबेगडच्या आनंदरावांना दिली. ते तेव्हा एकतिसाचे. पाठवणीच्या वेळी आईने बजावले, वाचता येते हे सासरी दाखवू नकोस. तिने तेवीस वर्षे दाखवले नाही. कारभारी आप्पासाहेब राजांना पत्रे वाचून दाखवीत, आणि चिकाच्या पडद्याआड बसून ही ऐके. नंतर तेच पत्र हाती लागले की, कुठल्या ओळी गाळल्या ते तिला कळे. राजांना कधीच कळले नाही. त्यांचे लक्ष कबुतरांवर असे. आनंदरावांच्या कारकिर्दीचे जेवढे दप्तर शिल्लक आहे त्यातले निम्मे कबुतरांविषयी आहे, आणि मी ते सगळे वाचले आहे. देवाने मला आयुष्य कशासाठी दिले हा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

१८४९ साली राजे अंथरुणाला खिळले. राणीला एक मुलगी होती, मुलगा नव्हता. आप्पासाहेबांनी आपला नातू दत्तक देण्याचा कागद केला. त्यात वारस नेमला होता, आणि त्याखाली राणीचे खासगीचे गाव काढून घेऊन तिला एक खोली, एक दासी आणि दोन वेळचे जेवण लावून दिले होते. हा कागद चिकातून आत सरकवला तो दुमडून. खालची चार बोटे जागा तेवढी उघडी, वर 'साक्ष' असे लिहिलेले. राणीने तिथे आपला शिक्का उमटवला.

पुढे तिने कंपनीच्या एजंटाकडे तक्रार केली. एजंटाने कळवले की कागदावर आपण स्वतः साक्षीदार आहात, तेव्हा आपणास हरकत घेता येत नाही. त्यानंतर ती एकतीस वर्षे जगली, त्या खोलीत.

५. माझे सासर त्या नातवाच्या वंशातले. राणीचे रक्त यांच्यात थेंबभर नाही. ज्याने तिला खोलीत बसवले त्याचे आहे, आणि भरपूर आहे. तरी वर्षातून एकदा तिच्या नावाने पूजा होते, 'राणीसाहेबांनी संतोषाने पुत्र घेतला' हे वाक्य म्हटले जाते आणि श्रीखंड खाल्ले जाते. माझे दीर प्रताप यांनी वन-नॉर्थजवळच्या आपल्या कॉन्डोत राणीची म्हणून एक भलीमोठी तसबीर लावली आहे. त्या बाई कोण आहेत मला माहीत नाही. नाकात नथ आहे, एवढ्यावर प्रतापने ओळख पटवली. राणीचे चित्र कोणी कधी काढलेच नाही, हे मी त्याला सांगितले.

"वहिनी, पाहुण्यांना कुठे माहीत आहे?" तो म्हणाला.

प्रताप एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. लिंक्डइनवर तो स्वतःला 'राजघराण्यातील नेतृत्व' म्हणवतो. त्याच्या हाताखालची मुले त्याला पाठीमागे सरकार म्हणतात. ते त्याच्या कानावर गेले तेव्हा त्याला आनंद झाला.

६. राणीचा चांदीचा शिक्का आणि तिने भावाला लिहिलेले अस्सल पत्र माझ्याकडे स्टीलच्या डब्यात आहे. तिच्या माहेरच्या वंशातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी ते मला दिले. तांबेगडकरांना द्यायचे नव्हते. माझे माहेरचेच आडनाव त्यांच्या कानावर होते, मी तांबेगडकरांची सून हे ठाऊक नव्हते. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. या आयुष्यातले हे एकच खोटे मी मान्य करते.

पत्रातल्या या ओळी: "कागद वाचोन दाखवा म्हणोन सांगितले. आप्पासाहेब बोलिले, साक्षीदारास मजकुराशी काय काम. शिक्का केला. मागाहून कागद उलगडला तो शाई ओली होती. मज वाचिता येते हे त्यांस ठाऊक नाही. परंतु ज्या दिवशी वाचावे त्या दिवशी न वाचिले, हे मज ठाऊक आहे."

मी हे इराला वाचून दाखवले. ती म्हणाली, "शी कुड रीड, बट शी डिडन्ट रीड? सो ब्लर, लाह." ब्लर म्हणजे इथल्या बोलीत बावळट. मग म्हणाली, "आजी, दॅट लास्ट लाइन. वाचून दाखव ना परत."

प्रतापलाही वाचून दाखवले. तो अर्ध्यावर फोन बघत होता. संपल्यावर म्हणाला, "चरित्र आपण छापू, वहिनी. हार्डबाउंड, आर्ट पेपर, सगळं मी बघतो. हे एक पत्र तेवढं बाजूला ठेवू."

"ठेवून काय करणार?"

"घरातल्या गोष्टी घरात राहतात. आमच्या प्रणवचं लग्न ठरतंय, मुलीकडचे खऱ्या घराण्यातले आहेत. पत्रिकेवर आपला शिक्का उमटवायचाय मला. त्यांनी कुठे हे वाचलं तर?"

"तर त्यांना वाचता येतं असं होईल."

"तुम्ही ना, वहिनी," असे म्हणून तो हसला. पत्र त्याच्या हाती गेले तर महिनाभर टिकणार नाही. ते एक पत्र तेवढेच राणीचे आहे. बाकी सगळे लोकांनी तिच्याविषयी लिहिलेले आहे.

७. तरीही, शिक्का आणि अस्सल पत्र हे दोन्ही मी माझे दीर प्रताप यांस देते. अनघाने हे वाचून किंचाळू नये. पुढे वाचावे.

इथला कायदा असा की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला वा बायकोला, त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मृत्युपत्र टिकते, त्याचा वाटा तेवढा बुडतो. वकीलबाईंनी मला हे तीनदा सांगितले. "आंटी, बेनिफिशियरी कॅनॉट बी विटनेस, ओके?" मी ओके म्हटले.

उद्या रविवार. प्रताप आणि त्याची बायको विनीता गणपतीच्या जेवणाला येणार आहेत. साक्षीदार क्रमांक दोनची जागा मी रिकामी ठेवली आहे. जेवणानंतर हे कागद मी प्रतापसमोर टेबलावर ठेवीन. दुमडून नाही, सगळी पाने उघडी, त्याचा चष्मा शेजारी. घाई करणार नाही. त्याने विचारले की वहिनी, यात काय आहे, तर सांगेन, वाचून बघ. खोटे एक अक्षर बोलणार नाही. राणीला जी संधी कोणी दिली नाही ती मी त्याला पूर्ण देत आहे.

त्याने वाचले, तर सही करणार नाही. मग वरच्या मजल्यावरचे मिस्टर तान यांना मी सांगून ठेवले आहे, ते चहाला येतील आणि सही करतील. शिक्का आणि पत्र प्रतापचे होईल, आणि मी तक्रार करणार नाही. तांबेगडकरांपैकी एकाने दीडशेहून अधिक वर्षांत एक कागद शेवटपर्यंत वाचला, याची किंमत तेवढी मी समजते.

न वाचता सही केली, तर त्याचा वाटा बुडेल.

मी स्वतः यात धोका घेत आहे, हे मला कळते. चाळीस वर्षांच्या कामातले जे खरे आहे ते एका माणसाच्या आळसावर ठेवत आहे. पण मी त्या माणसाला चाळीसहून अधिक वर्षे ओळखते. भाड्याचा करार, विमा, भावाच्या आजारपणातले हॉस्पिटलचे कागद, सगळ्यांवर त्याने माझ्यादेखत सही केली ती फोनवर बोलत.

८. विनीताच्या नावे काही लिहीत नाही, कारण सही प्रतापने केली तर तिचेही बुडेल. माझे पुरणयंत्र आणि मोत्यांच्या कुड्या तिला मागच्या आठवड्यात दिल्या आहेत. ती समंजस बाई आहे. तिने नवरा कोण निवडला हा तिचा प्रश्न.

९. ज्या वस्तूचा वाटा बुडेल, आणि ज्या वस्तूचा वर उल्लेख नाही, ती सर्व इराला. चरित्र छापताना पत्र पहिल्या पानावर घ्यावे. तसबीर घेऊ नये.

१०. माझे दहन मंडाईच्या स्मशानात करावे. रक्षा समुद्रात सोडावी. कोणत्याही शोकसंदेशात माझा 'राजघराण्याच्या सूनबाई' असा उल्लेख झाल्यास अनघाने तो छापणाऱ्याला फोन करून माझे नाव मागे घ्यावे.

११. साक्षीदारांच्या सह्यांखाली मी एक रकाना आखला आहे. कायद्याला त्याची गरज नाही, मला आहे. साक्षीदाराने तो स्वहस्ते भरावा.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना सही करून पुरे करीत आहे.

सुमेधा कमलाकर तांबेगडकर
हौगांग, सिंगापूर
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

साक्षीदार १: निशिकांत गोविंद आठल्ये, हौगांग
मजकूर वाचला काय? — नाही. काकूंनी आमच्या दोघांसमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली, एवढेच पाहिले.

साक्षीदार २: श्रीमंत प्रतापराव तांबेगडकर सरकार
मजकूर वाचला काय? — हो, संपूर्ण. उत्तम.