गोल डबी जोरात ओढायची

सुहैला वन्सं,

तुम्ही शाळेतून याल तेव्हा घरात फक्त मामंजी असतील. सकाळी धुळीचं वादळ उठलं आणि रहफला धाप लागली. निळ्या फवाऱ्यानेही ओठांचा काळपटपणा जाईना, म्हणून शेजारच्या उम्म मैथमच्या गाडीतून तिला इस्पितळात नेलं. आता ती सावरलीय. मी कपडे न्यायला आलेय.

नर्सने तिला रोजच्या औषधाची जांभळी गोल डबी ओढून दाखवायला लावली. पोरीने मी शिकवलं तशी हळू ओढली. नर्स म्हणाली, "अहो बाई, हळू ओढायचा तो फवारा. डबीत भुकटी असते, जोरात ओढल्याशिवाय ती छातीत उतरत नाही." म्हणजे डबी सुरू केल्यापासून तीन आठवडे औषध धड पोचलंच नाही.

मामंजींची डबीही तसलीच, आणि त्यांनाही मीच शिकवलंय. संध्याकाळी समोर बसून घ्यायला लावा. आधी श्वास बाहेर सोडायचा, पण डबीत फुंकायचं नाही. ओठ घट्ट लावून एका दमात जोरात ओढायचं, दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा आणि मग चूळ भरायची. नुमीचा, सुकवलेल्या लिंबाचा, चहा थर्मासमध्ये आहे, तो त्यानंतरच द्या.

गुरुवारी रहफ "छाती भरलीय, शाळा नको" म्हणाली, तेव्हा नाटकं समजून मी तिला थोबाडीत मारली. तुम्ही मध्ये पडलात, तर "तुम्हीच लाडावून ठेवलीय" असं तुम्हालाही बोलले. चुकलं माझं, वन्सं.

आज नर्ससमोर तिने पुन्हा ओढली, या वेळी जोरात, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आता बरोबर ना, आई?" मला तिच्याकडे बघवेना.

विदाद