तुझे की आपले

शुक्रवार. मे महिना, निवडणुकीच्या आधीचा आठवडा.

आज नाक्यावरच्या क्रूसापाशी रोझरीची प्रार्थना सांगताना 'तुझे राज्य येवो' ऐवजी माझ्या तोंडून 'आपले राज्य येवो' गेलं. जीभ घसरली म्हणावं, तर दिवसभर दुसरं बोललोच कुठे? आमच्या आळीचा माणूस नगरपरिषदेला उभा आहे. 'आपले राज्य' ही त्याची घोषणा, मीच सुचवलेली.

पण कुणी अडखळलंसुद्धा नाही! सगळ्यांनी नेहमीच्या सुरात 'आमची रोजची भाकर' पुढे चालू केलं. निदान कुणी हसायचं तरी.

घरी येऊन बायकोला, रोझीला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ऐकलं मी."

मग बोलली का नाहीस?

"काय बोलायचं? तुम्ही क्रूसाला झेंडा बांधलात, तेव्हाच वाटलं होतं, आता हे तोंडातपण येणार."

तो प्रचाराचा झेंडा. मीच बांधला, क्रूसाच्या आडव्या दांडीला, येशूचा हात असतो तिथे. वाऱ्याने पडू नये म्हणून दोन गाठी मारल्या. आपली माणसं, आपल्या जमिनी, आपलं येशूचं देऊळ, हे वाचवायला नको का? हवंच. पण येशूला यातलं काय हवंय, हे मी एकदा तरी विचारलं का त्याला? त्याचा हात नुसता खुंटीसारखा वापरला.

जेवायच्या आधी झेंडा सोडायला गेलो होतो. एक गाठ सुटली. दुसरी नखं दुखली तरी हलेना.

उद्याही रोझरी मीच सांगणार. 'तुझे' म्हणायचं तर आधी कोयता न्यावा लागेल.